उशिरा येणारं टक्

त्या राज्यात धुकं कधी उठत नसे. सकाळी ते जरा पांढरं होई, दुपारी जरा पिवळं, आणि संध्याकाळी पुन्हा दाट. डोळ्यांना नाकापुढचं तेवढं दिसे. वासही त्या दमट हवेत भिजून जड होई आणि जिथल्या तिथे पडून राही. तिथे राहणाऱ्या शेळ्या म्हणूनच एकमेकींना आवाजावरून ओळखत. तोही घशाचा आवाज नव्हे. कारण ओरडलं की डोंगराचे कडे तो आवाज चारी बाजूंनी परत पाठवत, आणि कोण कुठून ओरडलं हे शेवटपर्यंत कळत नसे. खुळखुळ्याचा बारीक आवाज मात्र जिथून निघाला तिथूनच ऐकू येई.

प्रत्येकीच्या गळ्यात वेलीने बांधलेला एक लहानसा वाळका रानभोपळा असे. करडू पहिल्यांदा चार पायांवर उभं राहिलं, की त्याची आई भोपळा निवडी, दातांनी त्याचं देठ फोडी, जिभेने आत बिया सारी आणि डिंकाने तोंड बंद करी. या कामाला दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही, अशी रीत होती. मग भोपळा हलवल्यावर जो आवाज निघेल, ते त्या करडाचं नाव. कबरी, ढवळी अशी रंगावरून पडलेली नावंही होती, पण ती जवळ आल्यावर, गप्पांपुरती. खरं नाव गळ्यात वाजायचं.

कबरीला झोप लागत नव्हती. करडू पोटाशी मुटकुळं करून निजलेलं असे, आणि ही आपली धुक्याकडे टक लावून. कारण सांगायला गेलं तर हसण्यासारखं होतं: तिच्या करडाचं नाव चुकलं होतं.

आणि ते कुणाकडून चुकावं? कबरी वरच्या कपारीत शिकलेली. तिथल्या वृद्ध शेळ्या शुद्ध आवाज शिकवत. कुठल्या आवाजाला गुंजा किती, चिंचोके किती, सीताफळाच्या बिया पुरत्या वाळलेल्या हव्यात की नकोत, हे सगळं कबरीला पाठ होतं. इतकं, की दुसऱ्यांचे खुळखुळे ऐकताना तिचे कान आपोआप टवकारत आणि मनात ती त्यांतल्या चुका काढत बसे. पण स्वतःची वेळ आली तेव्हा ती नुकती व्यालेली होती, पाय थरथरत होते, आणि करडू तर चार पायांवर उभं राहून लगेच पडत होतं. तिने घाईने देठ फोडलं. फोडताना तिच्या पुढच्या दाताचा एक टवका उडाला आणि आत पडला. तिला ते कळलं तेव्हा डिंक वाळून घट्ट झाला होता.

त्यामुळे करडाचं नाव असं वाजे: आधी खुळ-खुळ, अगदी रीतसर. मग सगळं शांत होई. आणि ऐकणाऱ्याने मान वळवली, की आतल्या डिंकाला चिकटून राहिलेला टवका सुटून खाली पडे. टक्. सगळे निघून गेल्यावर कुणीतरी दारातून परत येऊन एवढंसं काही सांगावं, तसं ते टक्.

करडाला आपल्या नावाचं भारी कौतुक. ते मान हलवी, मग डावा कान वर उचलून थांबे. टक् व्हायच्या किंचित आधी तो कान उठे, जणू त्यानेच टक्ला बोलावलं. आणि टक् झालं, की ते चारही पायांवर उडी मारी.

"आलं!"

"कोण आलं?" कबरी विचारी.

"टक् आलं."

एकदा त्याने विचारलं, "आई, ते मागे का राहतं?"

"लहान आहे ना अजून."

करडाने यावर बराच विचार केला. "मग आपण थांबत जाऊ त्याच्यासाठी," ते म्हणालं.

झऱ्यावर पाणी प्यायला सगळ्या जमत तेव्हा कबरी करडाला कडेकडेने नेई आणि त्याने मान फार हलवू नये म्हणून त्याला सारखं काहीतरी खायला देई. पण टक् कुठे लपतं? तिची थोरली जाऊ ढवळी, तिला सगळं ऐकू येई.

"काय गं कबरे, वरच्या कपारीत हेच शिकवतात वाटतं?" ढवळी म्हणे. "लेकराच्या गळ्यात खडा वाजतोय की गं. आम्ही अडाणी म्हणून आमच्या भोपळ्यांत आपल्या नुसत्या बियाच!"

बाकीच्या हसत. कबरीही हसे, थोडं जास्तच. "अहो जाऊबाई, नवीन चाल आहे ती," असं काहीतरी म्हणे, आणि दिवसभर त्या उत्तराची तिला लाज वाटत राही. हसण्याचं तिला फार नव्हतं. पण पावसाळा सरला की करडं मोठ्या उतारावर जाणार होती. सकाळी जायचं, दिवसभर आपलं आपण चरायचं, संध्याकाळी रांगेने खिंडीपाशी परतायचं. तिथे दुसऱ्या बाजूला आया उभ्या असत. धुक्यातून नाव वाजे, आई आपला खुळखुळा वाजवून ओ देई, आणि करडू त्या आवाजाच्या रोखाने पोटाशी येई. एवढ्या आवाजांच्या गर्दीत माझ्या लेकराचं चुकलेलं नाव वाजलं, आणि हे काय भलतंच म्हणून कुणी त्याला रांगेबाहेर ढकललं, तर? कबरीच्या झोपेचं खोबरं झालं होतं ते एवढ्यावरून.

सुतारपक्षी आला तो याच सुमाराला. कळपानेच त्याला बोलावलं होतं, आणि बोलावण्यात काही चूक नव्हती. किती तरी भोपळ्यांना चिरा गेल्या होत्या, बिया झिजून भुगा झाल्या होत्या. एक म्हातारा बोकड तर नुसता खसखस वाजे. तो वारा आहे असं समजून त्याला कुणी वाट देत नसे. सुताराचा कान विलक्षण होता. राज्यातले सगळे शुद्ध आवाज त्याला येत. तो शिंगांच्या मध्ये येऊन बसे, भोपळ्याला कान लावी, चोचीने बारीक भोक पाडी, एखादी बी काढी, एखादी घाली, आणि भोक लिंपून टाकी. दोन घटकांत आवाज असा लख्ख होई, की मालकाने स्वतःच वळून पाहावं. त्याला गर्व नव्हता. मोबदला म्हणून झाडावरचे किडे त्याला पुरत.

पुढे पुढे तो विचारेनासा झाला. विचारायचं काय त्यात? दुपारी शेळ्या रवंथ करत पडल्या असल्या, की तो एकीवरून दुसरीवर उडे, आणि उठून चालू लागल्यावर त्यांना कळे की आपलं नाव दुरुस्त झालं आहे. बहुतेकींना ते बरंच वाटे. खुळखुळा कुठल्याही शुद्ध आवाजात बसत नसेल, तर सुतार त्याला सगळ्यांत जवळच्या शुद्ध आवाजात बसवी. त्याच्या लेखी अशुद्ध नाव म्हणजे शुद्ध नावाकडे जाताना वाटेत दमून बसलेलं नाव.

ढवळी-कबरीच्या सासऱ्यांची गंमत तेव्हाचीच. सगळे त्यांना मामंजी म्हणत. दाढी गुडघ्याला लागणारा, रागीट बोकड. त्यांच्या खुळखुळ्याला सुताराने जवळचा शुद्ध आवाज बसवला, आणि तो नेमका नुकत्याच व्यालेल्या शेळीचा निघाला. संध्याकाळी मामंजी खिंडीतून चालले तर मागे करडांची ही रांग.

"अरे, हटा मागे! मी कोण आहे?" मामंजी गरजले.

"आई," करडं म्हणाली, आणि पोटाखाली शिरू लागली.

"सुतारबुवा! हे काय मांडलंय?"

"आवाज शुद्ध आहे," वरून सुतार म्हणाला.

"शुद्ध आहे हो, पण माझा आहे का?"

"ते मला कसं कळणार? मी आवाज ऐकतो. गळा कुणाचा, ते ज्याचं त्याने बघावं."

"या वयात आता दूध कुठून आणू मी?" मामंजी कळवळून म्हणाले, आणि सगळा कळप हसून हसून जमिनीवर लोळला. कबरीसुद्धा. हसण्यासारखंच होतं ते.

मोठ्या उतारावर जायचा दिवस जवळ आला तेव्हा ढवळीने आपल्या करडाचा खुळखुळा सुताराकडून करून आणला आणि झऱ्यावर सगळ्यांना ऐकवला. खुळ-खुळ-छुन्. कुठे अडकणं नाही, थांबणं नाही. "तूही जा गं," ती म्हणाली, आणि या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "पोर आता बाहेर पडणार. आपल्या चुका त्याच्या गळ्यात कशाला?"

हे वाक्य कबरीला लागलं, कारण ते तिचंच होतं. कितीतरी दिवस ती तेच स्वतःशी म्हणत होती.

ती करडाला घेऊन सुताराच्या झाडाखाली गेली. सुतार खाली उतरला.

"वाजव," तो म्हणाला.

करडाने मान हलवली. खुळ-खुळ. सुताराने कान लावला. करडाचा डावा कान उठला. टक्.

"शेवटी काहीतरी पडलं," सुतार म्हणाला.

"ते टक् आहे," करडू म्हणालं.

"टक् असा आवाज नाही."

"आहे की! थांबा हं, पुन्हा येईल आता."

सुताराने कबरीकडे पाहिलं. कबरीला सांगायचं होतं, की ते माझ्या दाताचं आहे, काढू नका. पण मागे आणखी आया रांगेत उभ्या होत्या, आणि बी कोणती नि दात कोणता एवढंही शिकलेल्या शेळीला कळू नये, हे चारचौघींत कसं सांगायचं? तिने ओठ मिटून घेतले. तुटका दात दिसू नये म्हणून ती अलीकडे तसंही ओठ मिटूनच असे.

सुताराने भोक पाडलं, भोपळा तिरका केला. पांढरं काहीतरी चोचीत चमकलं आणि खाली पडलं. खाली शेवाळ होतं. पडल्याचा आवाज झाला नाही. त्याच्या जागी सुताराने एक लालबुंद गुंज घातली, भोक लिंपलं, आणि जाता जाता कबरीच्या गळ्याशी कान नेला. "तुमचाही जरा ढिला पडलाय," तो म्हणाला. ती काही बोलण्याआधी तोही इतर आयांसारखा करून झाला. आभार मानण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. तिने ते मानले.

परतीच्या वाटेवर करडाने मान हलवली. खुळ-खुळ-छुन्. त्याने कान उचलला आणि ते थांबलं. कबरी चार पावलं पुढे गेली, तरी ते तिथेच.

"चल ना रे बाळा."

"अजून आलं नाही."

"आता ते यायचं नाही. हे बघ, हे किती छान वाजतंय. सगळ्यांसारखं."

"ते कुठे गेलं?"

"ते ना," कबरी म्हणाली, "ते चुकलेलं होतं."

करडाने मागे झाडाकडे पाहिलं. झाड धुक्यात दिसत नव्हतं. "त्याला माहीत होतं?" त्याने विचारलं.

कबरीने त्याला नाकाने पुढे ढकललं. पुढचे काही दिवस करडू मान हलवी, कान उचली आणि थांबे. मग थांबणं कमी झालं. मोठ्या उतारावर जायच्या सकाळी ते नुसतं खुळ-खुळ-छुन् करत इतरांच्या मागे उड्या मारत गेलं, कान दोन्ही खाली. आणि कबरीने सुटकेचा श्वास टाकला. त्या श्वासाची आठवण पुढे तिला फार त्रास देणार होती.

उतारावर करडांची राखण करणाऱ्या बोकडाने संध्याकाळी कबरीला मुद्दाम सांगितलं, "नाव छान आहे हं तुमच्या करडाचं. आमच्याकडे पुष्कळ आहेत या नावाची."

त्या रात्री कबरी गाढ झोपली. सगळा कळपच आता गाढ झोपत असे. पूर्वी संध्याकाळी खिंडीपाशी सगळ्या जीव कानांत आणून उभ्या राहत. कोण लंगडत येतंय, कुणाचा आवाज आज दमलेला आहे, कुणाचा परका आहे, हे सगळ्या मिळून ऐकत. आता खिंडीच्या तोंडाशी सुतार बसे. येणारा प्रत्येक आवाज तो ऐके आणि म्हणे, "शुद्ध." की पुढचा. ऐकण्याचं काम त्याच्याकडे गेल्यावर शेळ्या खिंडीच्या आत उभ्या राहून गप्पा मारू लागल्या होत्या.

दरीच्या तळाशी एक तरस राही. कुणा शेळीचा वेल तुटून पडलेला खुळखुळा त्याला तिथे सापडला. आवाज सुताराच्या चोचीखालून गेलेला, निर्दोष. तरसाने तो गळ्यात अडकवला आणि एका संध्याकाळी ते करडांच्या रांगेत शेवटी येऊन उभं राहिलं. पावलं जड पडत होती. एखादी जुनी शेळी लक्ष देऊन ऐकत असती तर तिला ती पावलं ऐकू आली असती. पण पावलं ऐकणं सुताराच्या कामात बसत नव्हतं.

"शुद्ध," सुतार म्हणाला.

आत काय झालं ते धुक्यात कुणालाच पुरतं दिसलं नाही. एक किंकाळी झाली, मग खुरांचा गोंधळ. करडं दिसेल त्या कपारीत, दगडाआड, काट्यांत शिरली. थोड्या वेळाने काहीतरी ओढत नेल्याचा आवाज दरीकडे उतरत गेला आणि सगळं निपचित झालं.

मग आयांनी खुळखुळे वाजवले. कपारींतून करडांचे खुळखुळे उत्तर देऊ लागले. खुळ-खुळ-छुन्. खुळ-खुळ-छुन्. प्रत्येक करडू ओळखीच्या आवाजाच्या रोखाने निघालं, आणि प्रत्येक आवाज ओळखीचा होता. कबरी जीव खाऊन मान हलवत होती. तिच्या उजवीकडून एक नाव आलं आणि पुढे निघून गेलं. डावीकडून एक आलं, क्षणभर थबकलं, आणि शेजारच्या शेळीच्या पोटाशी शिरलं. हळूहळू सगळीकडून दूध ओढल्याचे आवाज येऊ लागले. कबरी मान हलवत राहिली.

एक करडू कमी होतं. कुणाचं, ते सांगता येईना. सुताराला विचारलं तर तो म्हणाला, "सगळे आवाज जागेवर आहेत." शेवटी कळपाने ठरवलं की ते कबरीचं; कारण रिकामी तीच होती.

कबरीने ते मानलं नाही. ती प्रत्येकीकडे गेली. करडं त्या वयात सगळी मातकट. खरे रंग नंतर उमटतात. अंगाला आता ज्या आईपाशी निजत तिचा वास. काही करडांनी सुरुवातीला सडावरून तोंड फिरवलं होतं, पण आया म्हणाल्या, दात येताहेत, तसं होतं. भूक लागली की ती पुन्हा पिऊ लागली.

"माझ्या पोटाशी आलं ते माझंच," ढवळी म्हणाली. "ऐक की आवाज!"

"आवाज सगळ्यांचाच तो आहे, जाऊबाई."

"मग माझ्या लेकराचा का नसेल?"

"तुमचा असेल हो. मी फक्त विचारते. ते कधी, मान हलवल्यावर, डावा कान..."

"कबरे," ढवळीचा आवाज एकदम खाली आला, "असलं काही माझ्या करडासमोर बोलू नकोस. पाया पडते तुझ्या." आणि ती करडाला चाटू लागली, इतकं जोराने, की ते कुरकुरलं. तेव्हा कबरीला कळलं, की रात्री जागी राहणारी आपण एकटीच नाही.

कान उचलायचा तर टक् व्हायला हवं. टक् कुठेच उरलं नव्हतं. हे लक्षात यायला कबरीला बरेच दिवस लागले. लक्षात आलं त्या दिवशी ती सुताराच्या झाडाखाली गेली.

"काय बिघडलं?" सुताराने वरून विचारलं.

"माझ्या करडाच्या खुळखुळ्यातून तुम्ही काहीतरी काढलं होतंत. ते हवंय."

"काढलेलं मी ठेवत नाही. ते खाली पडतं." थोडं थांबून तो म्हणाला, "ती संध्याकाळ माझ्यामुळे झाली असं खाली बोलतात, असं ऐकतो. मी एकही आवाज चुकीचा सोडला नाही."

"नाही सोडलात," कबरी म्हणाली. ते खरंच होतं.

झाडाच्या बुंध्याशी ढीग साचला होता. वरून पानं पडली होती, पावसाने ती कुजली होती. कबरीने नाकाने थर बाजूला केले. आत काय काय होतं. एक गोगलगायीचा शंख. झऱ्यातला निळसर खडा. कुणी तरी लेकराच्या नावात घातलेलं सुकलेलं फूल, ज्याचा काही आवाजच नसणार. शिंगाचा तुकडा. एकीला दुसरी चिकटलेली जुळी गुंज. कसल्यातरी पाखराचं पीस. कुणाची घाई, कुणाचं अज्ञान, कुणाची हौस. एकाच मातीने सगळं माखलं होतं. प्रत्येक वस्तू ती तोंडात घेई आणि जिभेने तुटक्या दाताशी नेऊन लावी. खडा बसेना. शंख बसेना. दिवस पिवळा झाला, मग राखाडी. शेवटी एक एवढासा कण तिने दाताशी नेला, आणि तो मधल्या फटीत असा बसला, की तिच्या तोंडाला क्षणभर तो परत उगवल्यासारखा वाटला. ती तशीच उभी राहिली. गिळला जाईल म्हणून तिला रडतासुद्धा येईना.

आपल्याच गळ्यातल्या भोपळ्याला तिने दगडावर घासून भोक पाडलं, सुताराची गुंज बाहेर काढली, टवका आत सारला, आणि वर डिंक जरा जास्तच लावला, म्हणजे तो चिकटून उशिरा सुटावा. मान हलवली. खुळ-खुळ. मग काही नाही. मग टक्.

तिला ओ देणं कळपाने सोडून दिलं. खिंडीपाशी सुतार तिला रोज अडवी, "अशुद्ध," म्हणे, आणि नीट करून देऊ का असं विचारी. ती मान खाली घालून वळसा घेऊन डोंगरावरून येई. "डोक्यावर परिणाम झालाय बिचारीच्या," ढवळी इतरांना सांगे, आणि कबरी जवळ आली की आपल्या करडाला घेऊन लांब जाई. करडं वाढत होती. त्यांचे रंग उमटले. कुणी काळं, कुणी तांबूस, कुणी ठिपक्यांचं. पण तोवर ती आपापल्या आयांची झाली होती, आणि रंग आजोळावर गेला असेल, असं आया म्हणत.

कबरी मोठ्या उतारावर जाऊ लागली. धुक्यात घोळक्याघोळक्याने ती मोठी झालेली करडं चरत असत. ती हळूहळू त्यांच्या मधून जाई, मान हलवी, थांबे. टक्. काही हसत. काही तिच्या मागे मागे पाय ओढत तिची नक्कल करत. "काकू, तुमचं नाव पडलं बघा खाली!" एक जण ओरडे, आणि बाकीची फिदीफिदी. ती रागावत नसे. हसताना त्यांचे कान कसे राहतात, ते पाहत असे.

असे पुष्कळ दिवस गेले. एके सकाळी, धुकं पांढरं होत असताना, उताराच्या कडेला तीन-चार जणं काटेरी झुडपाचा पाला खात उभी होती. कबरीने मान हलवली. खुळ-खुळ.

एकाचा डावा कान वर उठला.

टक्.

कान खाली आला. त्याचं तोंड पाला चघळतच होतं; आपला कान उठला, हे त्याचं त्यालाही माहीत नव्हतं. शिंगांची टोकं फुटली होती. अंग कबरं होतं.

कबरीने पुन्हा मान हलवली. खुळ-खुळ. शांतता. कान उठला, आणि या वेळी चघळणंही थांबलं. टक्.

ते वळलं. धुक्यातून दोन पावलं पुढे आलं आणि तिच्या गळ्यातल्या भोपळ्याकडे मान तिरकी करून पाहू लागलं. तोंडातला पाला त्याने आधी गिळला; कुणीतरी त्याला चांगलं वळण लावलं होतं. कबरीने ओठ मिटले नाहीत. मग ते तिच्याशी आदराने, अगदी काळजीने बोललं:

"काकू, तुमच्या खुळखुळ्यात काहीतरी सुटं झालंय. सुतारबुवांना दाखवा ना, ते लगेच काढून देतात."